चार बोटांचं अक्षर

आमच्या केंद्राच्या फाटकाशी एक बोर्ड आहे. लाकडी, काळा, वर पत्र्याचं छप्पर. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्यावर मी पुढच्या महिन्याचे कार्यक्रम लिहितो. स्टुलावर चढून, ब्रशने. खडूने लिहीत नाही, कारण इथल्या थंडीत धुकं पडलं की खडू सकाळपर्यंत ओघळतो. पांढऱ्या पावडरीत डिंक घालून रंग करतो, तो महिनाभर हलत नाही. पुसायचा तर गरम पाणी लागतं आणि अर्धा तास घासावं लागतं. हे आधीच सांगून टाकतो. माझी चूक पाच दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिली ती या डिंकामुळे.

केंद्र म्हणजे फार मोठं काही नाही. दिल्लीची मेट्रो जिथे संपते तिथून ई-रिक्षाने वीस मिनिटं आत, हरियाणातलं लहान गाव. तीसेक वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या नोकरीतल्या काही मराठी लोकांनी इथे सोसायटी बांधली आणि एका इमारतीचा तळमजला ठेवला वाचनालयाला. दोन खोल्या पुस्तकांच्या, एक हॉल. हॉलमध्ये रविवारी गाण्याचा वर्ग, बुधवारी चित्रकला, नाटक बसवायचं असेल तर त्याची तालीम, संक्रांतीला हळदीकुंकू, आणि जानेवारीत पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, जायची बस इथूनच सुटते. मी कुलूप उघडतो, झाडतो, पुस्तकं देतो-घेतो, चहा ठेवतो, तबल्यावर फडकं घालतो आणि बोर्ड लिहितो. सगळे मला पेंटर म्हणतात. माझं खरं नाव काय ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. माझी तक्रार नाही.

मी मूळचा बार्शीचा. सातवीत असताना निवडणूक आली, तेव्हा भिंती रंगवायला माणसं कमी पडत होती. एसटी स्टँडसमोर पेंटरचं दुकान होतं, तिथे पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलो. निवडणूक झाली, पण मी शाळेत परत गेलोच नाही. कुणी हाकललं नाही, कुणी बोलवायलाही आलं नाही. पुढे गावचा एक जण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा, तो म्हणाला, चल दिल्लीला, तिथे अक्षर आपलंच आहे. खरंच होतं. हिंदी लिहायला मला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

दिल्लीत माझं पोट भरलं ते बदल्यांवर. क्वार्टरच्या दारावर पाटी असते: साहेबाचं नाव, खाली हुद्दा. साहेब बदलले की पाटी काळी करायची, वर नवीन नाव. एकेका पाटीवर मी सात-सात साहेब रंगवलेत. आर. के. पुरम, सरोजिनी नगर, सगळ्या गल्ल्या ब्रश आणि डबा घेऊन पायी फिरलोय. त्यामुळे बदलीची चाहूल मला घरच्यांच्या आधी लागायची. सरकारी घरात ऑर्डर हातात येईपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. बोललं की फिस्कटतं म्हणतात. पण वाण्याकडे रिकामी खोकी मागितली, मुलांच्या शाळेत दाखल्याची चौकशी केली, कुंड्या शेजारणीला दिल्या, की समजावं. मी त्या दारावरून जाताना पाटी मनातल्या मनात काळी करून ठेवायचो.

मग प्लॅस्टिकची अक्षरं आली, फ्लेक्स आलं. जुनी क्वार्टरं पाडून टॉवर उभे राहायला लागले, तिथे पाट्या एकसारख्या छापूनच येतात. काम आटलं. एका हिवाळ्यात मी या सोसायटीत स्कूटरच्या नंबरप्लेट रंगवत बसलो होतो, तेव्हा एक बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अक्षर कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. भिंतींवर शिकलो."

"मराठी आहात! आणि मग गिऱ्हाइकांशी हिंदीत काय बोलत होतात मघापासून?"

त्या म्हणजे ताई. केंद्राचा बोर्ड त्यांनी मला लिहायला दिला, आणि जुना राखणदार गावी निघून गेला तेव्हा कमिटीसमोर माझं नाव त्यांनीच काढलं. वाचनालयात आलो तेव्हा माझी गंमत अशी होती की मी लाखभर अक्षरं रंगवली होती, पण पुस्तक म्हणून एकही वाचलं नव्हतं. ताईंनी पहिल्याच आठवड्यात माझं सभासदाचं कार्ड केलं. मी म्हटलं, ताई, मी झाडणारा माणूस, मला कार्ड कशाला? त्या म्हणाल्या, "झाडताना पुस्तक सापडलं तर चोरल्यासारखं वाचणार का? सही करा."

आणि त्यांचा शनिवार. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा ताई मुलांना पुस्तकातून गोष्ट वाचून दाखवायच्या. दिल्लीत वाढलेली पोरं, घरी मराठी कळतं पण बाहेर पडलं की हिंदी. "आंटी, रांजण म्हणजे क्या?" मग ताई पुस्तक उलटं करून चित्र दाखवायच्या, शब्दावर बोट ठेवायच्या. मी मागे, चपलांच्या रॅकपाशी, केरसुणी हातात धरून ऐकायचो. मुलांना वाटायचं मी झाडायला थांबलोय. माझी सातवीच्या पुढची जी काही शाळा झाली ती त्या चपलांजवळ झाली.

तर डिसेंबर संपत आला होता. मुलांच्या शाळांना थंडीची सुट्टी, म्हणून शनिवार बंद. एके दुपारी ताई आल्या, पिशवीतून चार पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आणि वर त्यांचं कार्ड.

"बंद करून टाका."

मी कार्डाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. सगळी पुस्तकं एकदम, आणि कार्डही. मी इतकी वर्षं या लोकांत आहे, माझ्या लेखी याचा अर्थ एकच. ताईंचे साहेब अजून नोकरीत होते, निवृत्तीला दोन-तीन वर्षं. शेवटची बदली लोक आपल्या गावाजवळ मागून घेतात. पुण्याला, नागपूरला. मी कार्डावर 'बंद' असा शिक्का मारला, तो तिरका बसला.

आमच्याकडे रीत अशी की महिन्याचे कार्यक्रम सेक्रेटरीसाहेब कागदावर लिहून देतात, पण निरोपसमारंभाची ओळ माझ्याकडे. जाणारा माणूस आधी माझ्याकडेच येतो ना, पुस्तकं द्यायला. मग मी बोर्डावर सगळ्यात वर ती ओळ लिहितो, ती बघून कमिटी शाल-नारळ आणते. दहा-बारा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. मला त्याचा थोडा ताठाही होता, खोटं का बोला.

त्या महिन्याची ओळ लिहायला मला फार वेळ लागला. सगळं मोठ्या अक्षरात लिहितो, चार बोटं उंचीचं. बार्शीच्या दुकानातल्या उस्तादाने शिकवलेलं माप. रस्त्यापलीकडून दिसायचं तर अक्षर आपल्या चार बोटांएवढं हवं, म्हणायचा. लिहिलं: 'दुसरा शनिवार, सायं. पाच. गोष्टीवाल्या ताईंना निरोप.' खाली हळदीकुंकू, पानिपतची बस, चित्रकलेचं प्रदर्शन. शनिवारच्या गोष्टींची ओळ लिहिलीच नाही. कुणाच्या नावाने लिहिणार?

मला झोप लागेना असं नाही, मी थकलेलाच असतो, झोप लागते. पण जागा झालो की पहिला विचार तोच. ताई गेल्या की शनिवार गेला. सेक्रेटरीसाहेबांनी मागेच बोलून ठेवलं होतं की योगावाले शनिवार संध्याकाळचा हॉल मागतायत. एकदा योगावाले बसले की उठत नाहीत, योगात बसायचंच असतं.

पाच दिवस असे गेले. सोसायटीत जो तो मला विचारतो, "कुठे मिळाली हो ताईंना?" मी नुसता हात हलवायचो. सहाव्या दिवशी सकाळी साहेब आले. ताईंचे. गळ्यात मफलर, हातात दुधाची पिशवी. बोर्डासमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काय हो पेंटर, माझी बदली झाली म्हणे. जरा मलाही सांगा ना कुठे! कपडे त्या हिशोबाने घेतो."

मला वाटलं थट्टा करतायत, ऑर्डर यायची असेल म्हणून लपवतायत. मी हसलो.

"हसताय काय? दूधवाला म्हणाला, साहब, मुबारक हो. खालचा शर्मा म्हणतो, फ्लॅट भाड्याने देणार का? ऑफिसात मला माहीत नाही, मंत्र्याला माहीत नाही, आणि तुमच्या बोर्डाला माहीत!"

"साहेब, ताईंनी पुस्तकं परत केली."

"मग?"

"सगळी. कार्डसुद्धा बंद केलं."

साहेबांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग परत या हातात. त्यांचा चेहरा मी बघत होतो, तो एकदम म्हातारा झाला.

"कार्ड बंद केलं?" ते हळू म्हणाले. "मला म्हणाली चष्म्याचा नंबर बदलायचाय. सकाळी पेपर घेऊन बसते ती अशी... मी ऑफिसला निघतो तरी पहिलंच पान." मफलर सारखा केला आणि निघून गेले.

तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. ताईंनी जी गोष्ट नवऱ्यापासूनही झाकून ठेवली होती, ती मी चार बोटांच्या अक्षरात फाटकावर लावली होती. लिहिलं भलतंच होतं, पण उघडं पडलं ते खरं.

तासाभरात सेक्रेटरीसाहेब आले. ते सरकारी नोकरीतूनच निवृत्त झालेत, रागावले की फाईलवर शेरा मारल्यासारखं बोलतात.

"पेंटर. बदल्या मंत्रालयातून निघतात. स्टुलावरून नाही."

"चुकलं साहेब."

"अहो, शाल आणलीय मी! दुकानदार परत घेत नाही. बिल्कुल घेत नाही, मी विचारून आलो. ती ओळ आधी पुसा. आणि शनिवारच्या गोष्टींची ओळही नाही बोर्डावर. ताईंना जमणार नसेल तर तसं कळू दे, शनिवार योगाला देऊन टाकू. चलो, एक तरी प्रश्न सुटेल."

दुपारी बायकोला फोन केला. ती बार्शीलाच असते, लेकीपाशी. मी तिला सगळं सांगितलं, तर ती आधी पोटभर हसली.

"अवो, दुसऱ्याच्या नवऱ्याची बदली तुमी कशी काय केली? तुमची तर एवढ्या वर्षांत बार्शीला झाली नाही."

"हसू नकोस. नोकरी जाईल."

"जात नाही नोकरी. त्या बाईकडं गेला का?"

"काय तोंडाने जाऊ?"

"ज्या तोंडानं मला सांगताय त्याच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना गुडघे दुखतात तेवढेच दुखले, पण दोनदा थांबलो. दार ताईंनीच उघडलं. साहेब ऑफिसला गेले होते.

"या, पेंटर. सामान बांधायला आलात?"

मी दारातच हात जोडले. काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, "आत या आधी, हवा येतेय," आणि मला खुर्ची दिली. स्वतः समोर बसल्या आणि माझ्याकडे बघायच्याऐवजी माझ्या खांद्याच्या थोडं बाहेर बघायला लागल्या. डिसेंबरातही त्या अशाच खिडकीकडे बघत होत्या. तेव्हा मला वाटलं होतं, निघायचं म्हणून वाईट वाटतंय.

"मधलं जातंय हो," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसतं. तुमच्याकडे सरळ बघितलं तर तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. पुस्तकात ज्या शब्दाकडे बघावं तोच पळून जातो."

"साहेबांना सांगायला हवं होतं, ताई."

"तुम्ही सांगितलंत की! चांगलं ठळक." मग म्हणाल्या, "दोन महिने शनिवारी मी पुस्तक उघडं धरून पाठ केलेली गोष्ट सांगत होते. कुणाला कळलं नाही असं वाटत होतं. शेवटच्या शनिवारी ती पुढे बसणारी, दोन वेण्यांची, ती म्हणाली, आंटी, आपने पन्ना नहीं पलटा. एवढंच म्हणाली. त्या दिवशी ठरवलं, पुरे."

मी म्हटलं, ताई, तोंडी सांगा की. तुमच्या डोक्यात शंभर गोष्टी आहेत.

"तोंडी ती फोनवर ऐकतात, पाहिजे तितकी. शनिवार त्यासाठी नाहीये, पेंटर. कुणीतरी समोर बसून आपल्या भाषेतलं वाचतंय, ओळीवर बोट फिरतंय, पान उलटतंय, हे त्यांनी एकदा तरी बघावं म्हणून आहे. मला ते येत नसेल तर मी बसू नये."

मी उठलो. दाराशी आलो आणि मग विचारायचं धाडस केलं, बोर्डाचं तुम्हाला कुणी सांगितलं?

"सांगायला कशाला हवं? मीच वाचला. पहिल्याच सकाळी. भाजीला चालले होते, फाटकाशी बोर्डापासून दोन हातांवर उभी राहिले." त्या हसल्या. "सहा महिन्यांत पहिल्यांदा एक अख्खी ओळ वाचली. तीही माझ्याच निरोपाची."

"पहिल्याच दिवशी? मग बोलला का नाहीत, ताई? मी लगेच पुसलं असतं."

"पाच दिवस मी बदली झालेल्या माणसाची बायको होते. सगळे विचारत होते, पुणे का नागपूर. कार्ड का बंद केलं, कुणी विचारलं नाही. बरं वाटत होतं हो." मग दार लावता लावता म्हणाल्या, "जा, पुसून टाका आता."

खाली आलो, पाणी गरम केलं. बादली, फडकं, स्टूल. डिंक सुटेना. ताईंची ओळ घासत असताना माझी चार बोटं सवयीने अक्षरावर टेकली, माप घ्यायला टेकतात तशी. नेमकी बसली. मी तसाच उभा राहिलो. फडक्यातून पाणी बाहीत जात होतं. ताईंनी हे वाचलं होतं. पुस्तक वाचता येत नव्हतं, पण हे वाचलं होतं.

जानेवारीत आमच्याकडे जुनी कॅलेंडरं येऊन पडतात. सरकारी खात्यांची, बँकांची, मोठमोठी, जाड कागदाची. लोकांना टाकवत नाहीत म्हणून ते केंद्रात आणून देतात, चित्रकलेच्या वर्गाला होतील म्हणून. पाठ कोरी असते. मी एक गठ्ठा घेतला. कपाटातून मुलांचं एक गोष्टींचं पुस्तक काढलं, त्यातली सगळ्यात लहान गोष्ट निवडली, रांजणात पडलेल्या मांजराची, आणि काळ्या रंगाने लिहायला बसलो. चार बोटांचं अक्षर. एका कागदावर सहा ओळी बसतात, दाबून लिहिलं तर सात. पुस्तकात जी गोष्ट दोन पानांची ती माझ्या हातून एकतीस कागदांची झाली. तीन दुपारी गेल्या. खांदा असा भरून आला की चहाची किटली डाव्या हाताने उचलत होतो.

आणि मनात सगळी धाकधूक. शिकलेल्या माणसाला आपण हे कसं द्यायचं? लहान पोराला देतात तसं मोठ्या अक्षरात? त्यांचा अपमान तर होणार नाही? एका चुकीवर मी दुसरी चूक तर करत नाही? शेवटी साहेबांना फाटकाशी गाठलं, गुंडाळी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ताईंना द्या, नको असेल तर रद्दीत टाका म्हणावं.

दोन दिवस काही नाही. सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं, "काय, योगावाल्यांना काय सांगू?" मी म्हटलं, हा एक शनिवार थांबा, साहेब. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परत स्टुलावर चढलोय.

तो दुसरा शनिवार. बोर्डावर ओळ नव्हती, तरी माणसं आली. एकदा वाचलेलं लोक विसरत नाहीत. काही जणींनी तर डबेही आणले होते. मुलं सतरंजीवर, स्वेटर-टोप्यांत. पाच वाजले, सव्वापाच झाले. मी चपलांजवळ उभा होतो. साडेपाचला साहेब दिसले, आणि त्यांच्या मागे ताई, बगलेत गुंडाळी.

खुर्चीवर बसल्या. गुंडाळी मांडीवर उघडली. कागद सारखे परत गुंडाळले जायचे, हातात धरता येईनात. मग त्या म्हणाल्या, "दोन वेण्या कुठेयत? इकडे ये. धर हे दोन्ही बाजूंनी, माझ्यासमोर. हलायचं नाही."

पोरगी उभी राहिली. कागद तिच्यापेक्षा रुंद. ताईंनी मान थोडी वाकडी केली, डोळ्याच्या कडेने बघायला लागल्या आणि वाचू लागल्या. हळू. पहिल्यासारखं नाही, अडत अडत, पहिली-दुसरीतलं मूल वाचतं तसं. एका ओळीत दोनदा थांबल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला तिथून निघून जावंसं वाटलं. सहा ओळी संपल्या तेव्हा ती पोरगी म्हणाली, "आंटी, पलटूँ?"

"मराठीत विचार."

"उलटवू?"

"उलटव."

समोरच्या मुलांना कागदाची दुसरी बाजू दिसत होती, म्हणजे मार्च महिना आणि कुठल्यातरी धरणाचं चित्र. एकाने तक्रार केली, "हमें तो डॅम दिख रहा है." मग सगळी पोरं उठून ताईंच्या मागे जाऊन बसली, खुर्चीला टेकून, काही जण खिडकीत, आणि तिथून ती सगळी एकदम वाचायला लागली. ताई अडल्या की पोरं पुढे जायची, पोरं 'रांजण'ला अडली की ताई पुढे जायच्या. अकराव्या कागदावर ताई थांबल्या आणि न वळता म्हणाल्या, "पेंटर, इथे दोन ओळी खाल्ल्यात तुम्ही."

"कागद कमी पडत होता, ताई."

"मांजर रांजणात पडलं कसं ते न सांगताच बाहेर काढलंत! पुढच्या वेळी असं चालणार नाही."

पुढच्या वेळी, असं त्या म्हणाल्या. मी केरसुणी उचलली आणि उगाच कोपरा झाडला.

कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरीसाहेब शाल घेऊन उभे. द्यावी की नाही त्यांना कळेना. ताईंनी शालीवरून हात फिरवला, पोत बघितला, म्हणाल्या, "चांगली आहे. ठेवा कपाटात. लागेल तेव्हा काढू." ती शाल अजून माझ्या किल्ल्यांच्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय.

याला आता दोन हिवाळे होऊन गेले. आठवड्याला एक गोष्ट लिहितो. दुपारच्या वेळात, सभासद कमी असतात तेव्हा. खांद्याचं दुखणं आता कायमचं झालंय, डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. कॅलेंडरं दिवाळीपर्यंत पुरत नाहीत, मग पोरं घरून जुने चार्ट आणतात. ओळी खात नाही. योगावाल्यांना गुरुवार मिळाला, बसलेत तिथे.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी बोर्ड लिहून खाली उतरलो होतो. ताई भाजी घेऊन परत येत होत्या. फाटकाशी थांबल्या, दोन हातांवर. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. बराच वेळ. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "शनिवारच्या पुढे काय लिहिलंय, पेंटर?"

मी वाचून दाखवलं. "प्रत्येक शनिवारी, सायंकाळी पाच. गोष्टी. ताई."

"हो, तेच म्हटलं," त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे गेल्या.

मी पाणी गरम करायला ठेवलं. सगळा बोर्ड पुसला, रंग पुन्हा कालवला आणि शनिवारची ओळ पाच बोटांच्या अक्षरात लिहिली. मग बाकीच्यांना जागा पुरेना. संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब आले, कमरेवर हात ठेवून बोर्डासमोर उभे राहिले.

"बुद्धिबळाची स्पर्धा कुठे गेली, पेंटर?"

"आहे साहेब. खाली, कोपऱ्यात."

"अहो, एवढं बारीक? कुणाला दिसणार ते?"

"ज्यांना दिसतं ते वाकून वाचतील," मी म्हटलं आणि बादली उचलून आत गेलो.